चिंचणीला ऐकू येते ती मुंबई

आपल्याकडे खासगी रेडिओ २००१-०२ च्या सुमारास आला, असे सरसकट मानले जाते. खरे तर या देशातले पहिले नियमित रेडिओ केंद्र खासगीच होते. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी मुंबईत उद्घाटन केले ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या केंद्राचे. त्याआधी, १९२३ पासून, बॉम्बे रेडिओ क्लबची हौशी मंडळी आपल्या परीने प्रक्षेपण करत होती. कंपनीने त्याचा रीतसर धंदा केला. ट्रान्समीटर दीड किलोवॅटचा, त्याचा आवाज नीट पोहोचायचा तीसेक मैलांपर्यंत. रेडिओसंच बाळगणाऱ्याने वर्षाला दहा रुपये परवाना शुल्क भरायचे आणि त्यातला ऐंशी टक्के वाटा कंपनीला मिळायचा, असा हिशेब होता. संच महाग, ऐकणारे थोडे, त्यामुळे १ मार्च १९३० रोजी कंपनी दिवाळखोरीत गेली. सरकारने केंद्रे ताब्यात घेतली आणि ८ जून १९३६ पासून त्या व्यवस्थेला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. मुंबईभोवतीच्या त्या तीस मैलांच्या वर्तुळाबाहेर, आजच्या पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, चिंचणी होती, तारापूर होते, डहाणू होते. पुढे ट्रान्समीटरची ताकद वाढली, वर्तुळ मोठे झाले, मुंबईचा आवाज चिंचणीपर्यंत आला. चिंचणीचा आवाज मात्र कोणत्याच केंद्रावरून बाहेर पडला नाही. ‘एवढ्याशा गावांना रेडिओ कसा परवडणार?’ हे त्याचे नेहमीचे स्पष्टीकरण. ते मला मान्य नाही. लहान गावांचा व्यावसायिक रेडिओ आपल्याकडे चालवून पाहिला आणि बुडाला, असे कधी घडलेलेच नाही. परवाना कोणाला, किती किमतीला आणि काय बोलण्यासाठी द्यायचा, याचे नियमच असे केले गेले, की तो जन्मालाच येऊ नये.

१९३० च्या दिवाळखोरीतून एक धडा घेतला गेला: रेडिओ हा धंदा नव्हे, ते सरकारचे काम. हा धडा पूर्ण चुकीचा होता असे म्हणता येणार नाही. आकाशवाणीच्या मुंबई केंद्राने ‘कामगार सभा’, ‘वनिता मंडळ’, ‘आपली आवड’ या कार्यक्रमांतून मराठी घरांना जे दिले, ते कुठल्याही जाहिरातदाराने दिले नसते. पण जाहिरातीवर चालणारा रेडिओ लोकांना नकोच आहे, हा त्यातून काढलेला निष्कर्ष पुढच्या पंचवीस वर्षांत खोटा ठरला. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळपास हद्दपार झाली. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. भारतातले श्रोते, भारतातली गाणी, भारतात विकली जाणारी टूथपेस्ट आणि जाहिरातीचा पैसा मात्र कोलंबोला, असे ते चित्र होते. त्याला उत्तर म्हणून ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती आली, पण तिच्यावर जाहिराती यायला आणखी दहा वर्षे लागली. १ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबई, पुणे आणि नागपूर या तीन केंद्रांवर व्यावसायिक सेवा सुरू झाली. या देशात जाहिरातीच्या रेडिओची सुरुवात झाली ती अशी, महाराष्ट्रातल्या तीन शहरांपासून. तिच्यावर साबण, चहा, डोकेदुखीची गोळी असा देशभर खपणारा माल होता. वाणगावच्या बियाणे विक्रेत्याला किंवा डहाणूच्या सराफाला त्या वेळपत्रकात जागा नव्हती. मुंबईपासून डहाणूपर्यंतच्या सगळ्या श्रोत्यांची किंमत मोजून त्याने आपल्या दोन-चार गावांतल्या गिऱ्हाइकांसाठी जाहिरात का द्यावी?

खासगी रेडिओचा दुसरा जन्म १९९३ मध्ये झाला. आकाशवाणीने आपल्या एफएम वाहिनीवरचे तास खासगी कंपन्यांना विकायला काढले. मुंबईत टाइम्स आणि मिड-डे समूहांनी ते घेतले आणि १९९८ मध्ये ही सोय बंद झाली. दरम्यान ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. खटला क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाचा होता, पण न्या. पी. बी. सावंत यांच्या निकालपत्राने मूळ प्रश्नाला हात घातला. प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिच्यावर सरकारची किंवा धनिकांची मक्तेदारी असता कामा नये, असे न्यायालयाने म्हटले. सरकारने या निकालाचा पहिला अर्धा भाग उचलला आणि दुसरा सोडून दिला. सरकारची मक्तेदारी सैल झाली ती लिलावाने. १९९९-२००० मध्ये ४० शहरांसाठी १०८ लहरींचा लिलाव झाला. मुंबईच्या एका परवान्याची बोली वर्षाला पावणेदहा कोटी रुपयांपर्यंत गेली आणि ती रक्कम दरवर्षी पंधरा टक्क्यांनी वाढणार होती. अनेकांनी बोली लावूनही माघार घेतली. २००२ मध्ये मुंबईत जी केंद्रे सुरू झाली, त्यांना पहिल्या दिवसापासून हे शुल्क फेडायचे होते. साहजिकच ज्याला सर्वांत जास्त कान लाभतील तेच वाजवणे त्यांना भाग होते. सगळ्या केंद्रांवर तीच गाणी, असा दोष श्रोत्यांच्या आवडीला दिला जातो. माझ्या मते त्याचे मूळ त्या शुल्कात आहे.

हे नुसते मत नाही, याचा पुरावा २००५ नंतर मिळाला. दुसऱ्या टप्प्यात सरकारने ठरावीक वार्षिक शुल्क काढून टाकले आणि एकदाच भरायची प्रवेश रक्कम व त्यानंतर उत्पन्नाच्या चार टक्के अशी पद्धत आणली. केंद्राला मिळाले तर सरकारला मिळेल, असा हा हिशेब. लगेच नकाशा बदलला. महाराष्ट्रात कोल्हापूर, सांगली, सोलापूर, जळगाव, अहमदनगर, अकोला, नांदेड, धुळे या शहरांत खासगी केंद्रे निघाली. कोल्हापुरात ‘पुढारी’ समूहाचे टोमॅटो एफएम आले, म्हणजे शहरातल्याच वृत्तपत्राने आपल्या गावाच्या बोलीत चालवलेला रेडिओ. ही शहरे १९९९ मध्येही होती, त्यांतली दुकाने, शिकवण्या, दवाखाने, चित्रपटगृहेही होती. २००५ मध्ये सोलापूरकराला अचानक रेडिओची आवड लागली, असे कोणी म्हणणार नाही. बदलला तो नियम. अलीकडच्या सरकारी आकड्यांप्रमाणे देशात ११३ शहरांत ३८८ खासगी एफएम वाहिन्या आहेत. नियम आणखी एक पायरी खाली उतरवला असता तर त्या आणखी किती गावांत गेल्या असत्या, हा प्रश्न म्हणूनच रास्त आहे.

ती पायरी अडली लोकसंख्येच्या आकड्यावर. तिसऱ्या टप्प्याचे धोरण २०११ मध्ये आले आणि त्याने मुख्यतः एक लाखाहून अधिक वस्तीची शहरे विचारात घेतली. ऑगस्ट २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. त्या यादीत महाराष्ट्रातून चंद्रपूर, लातूर, मालेगाव, यवतमाळ, बार्शी, उदगीर अशी नावे आहेत. पालघर-बोईसरचे नाव नाही. कारण सरळ आहे. २०११ च्या जनगणनेत पालघर, बोईसर, डहाणू यांपैकी एकाही गावाची वस्ती लाखाला पोहोचत नव्हती. पण पालघर आणि डहाणू हे दोन तालुके मिळून तेव्हाच नऊ लाखांवर माणसे होती. ही किनारपट्टी शहरासारखी एका जागी साचलेली नाही. केळवे, सातपाटी, नवापूर, तारापूर, चिंचणी, वरोर, वाढवण, डहाणू अशी एकाला लागून एक गावे किनाऱ्यावर, त्यांना समांतर रेल्वेच्या कडेने पालघर, बोईसर, वाणगाव आणि त्यापलीकडे डोंगराकडे वारली पाडे. बोईसरचा कामगार चिंचणीत राहतो, चिंचणीचा विद्यार्थी बोईसरला क्लासला जातो, सातपाटीची मासळी पालघरच्या बाजारात येते. बाजारपेठ म्हणून हा पट्टा एक आहे. जनगणनेच्या तक्त्यात मात्र तो तुकड्या-तुकड्यांत नोंदला जातो आणि प्रत्येक तुकडा अपात्र ठरतो. रेडिओची लहर नगरपरिषदेच्या हद्दीवर थांबत नाही, मग परवाना त्या हद्दीने का मोजावा? कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात डॉफिन नावाचे जेमतेम आठ हजार वस्तीचे गाव आहे. तिथले सीकेडीएम हे व्यावसायिक केंद्र १९५१ पासून चालू आहे, कारण ते गावापुरते नाही. भोवतालच्या शेतीच्या सगळ्या मुलखाचे ते केंद्र आहे. कॅनडा श्रीमंत देश आहे, तिथल्या दुकानदाराची ऐपत वेगळी, हे खरे. पण १९५१ च्या डॉफिनपेक्षा आजच्या बोईसरची उलाढाल लहान असेल, असे तारापूर औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावरून एकदा गेलेला कोणीही म्हणणार नाही.

पैशाच्या नियमापेक्षाही मोठा अडसर दुसरा आहे, आणि त्याच्याकडे फार कमी लक्ष जाते. भारतात खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे पुन्हा लावता येते. त्याशिवाय हवामान, वाहतूक, परीक्षांचे निकाल, पाणी-वीज यांसारखी माहिती सांगता येते. म्हणजे वाणगाव फाटकापाशी वाहने अडली आहेत हे सांगता येईल, ती का अडली आहेत याचा शोध घेऊन सांगणे कठीण. ही बंदी बातमीचे तर नुकसान करतेच, ती धंद्याचाही पाया काढून घेते. गाणी मुंबईच्या केंद्रावर मिळतात, फोनवर मिळतात. गावातल्या केंद्राकडे गावाबद्दलच्या बोलण्याखेरीज विकायला दुसरे काय असते? डहाणूच्या दुकानदाराने स्थानिक केंद्राला पैसे द्यायचे ते डहाणूचा माणूस रोज ठरलेल्या वेळी तिथे कान लावतो म्हणून, आणि तो कान लावेल ते आपल्या भागात आज काय घडले हे ऐकायला. कॅनडाच्या नियामक संस्थेने ही सांगड ओळखली होती. ज्या गावात एकाहून अधिक खासगी केंद्रे आहेत तिथे एफएम केंद्राला स्थानिक जाहिराती घ्यायच्या असतील, तर आठवड्याच्या प्रक्षेपणाचा किमान एक तृतीयांश भाग स्थानिक हवा आणि त्यात त्या गावाशी थेट संबंध असलेले बोलणे, बातम्या, हवामान, खेळ हवेत, अशी अट तिने घातली. गावाचे बोला आणि मग गावाचा पैसा घ्या, हा त्या अटीचा अर्थ. आपल्या नियमाने गावाचा पैसा घ्यायला परवानगी दिली आणि गावाचे बोलायला मनाई केली.

बंदीच्या समर्थनासाठी सुरक्षेचे कारण दिले जाते: शेकडो केंद्रांवर काय बोलले जाते यावर लक्ष कसे ठेवणार? वृत्तपत्रे हजारो आहेत, वृत्तवाहिन्या शेकडो आहेत, आणि हातात फोन असलेला कोणीही आज बातमी म्हणून काहीही पसरवू शकतो. फोनवरच्या बातमीचे तसे नसते, पण रेडिओचा पत्ता, मालक, परवाना आणि प्रक्षेपणाची नोंद सरकारदरबारी असते. ज्याला जबाबदार धरता येईल त्यालाच गप्प बसवणे कोणत्या तर्कात बसते? दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, सप्टेंबर २०२३ मध्ये खासगी एफएमला दर तासाला दहा मिनिटांपर्यंत बातम्या देऊ द्याव्यात, अशी शिफारस केली. नियामकानेच असे म्हटल्यावर सुरक्षेच्या कारणात फारसा जीव उरत नाही.

या पट्ट्यात बोलण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारले तर यादी फार लांबेल. तारापूर अणुवीज केंद्र १९६९ पासून इथे आहे, देशातले पहिले. त्याच्या तिसऱ्या आणि चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. अणुकेंद्राभोवतीच्या सोळा किलोमीटरच्या परिसरासाठी आपत्कालीन योजना असते आणि चिंचणी त्या परिघात येते. अशा योजनांमध्ये लोकांना जे सांगायचे असते ते तीन-चार वाक्यांचेच असते: घरात थांबा, दारे-खिडक्या लावून घ्या, पुढची सूचना ऐका. ही पुढची सूचना कुठे ऐकायची? तारापूर औद्योगिक वसाहतीत ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी एका रासायनिक कारखान्यात झालेल्या स्फोटात आठ माणसे गेली. हादरा कित्येक किलोमीटर दूर जाणवला. घर हादरलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत हवे असते ते एवढेच, की काय झाले, कुठे झाले, मी काय करू. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत धुंदलवाडीच्या आसपास भूकंपाचे धक्के सुरू झाले, तेव्हा लोक महिनोन्‌महिने घराबाहेर झोपत होते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ याच किनाऱ्याजवळून गेले. वसाहतीच्या सांडपाण्याने खाड्यांची मासळी संपते आहे, ही तक्रार घेऊन अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादापुढे गेली आणि तो खटला वर्षानुवर्षे चालला. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित आहे. आणि त्याच तालुक्यात, चिंचणीपासून हाकेच्या अंतरावर, ७६ हजार २२० कोटी रुपयांचे वाढवण बंदर उभे राहते आहे. त्याची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये झाली. या प्रत्येक गोष्टीवर बंदराच्या बाजूचे, विरोधातले, कारखानदार, कामगार, मच्छीमार, चिकू बागायतदार, दागिन्यांचे साचे म्हणजे डाय बनवणारे कारागीर अशा सगळ्यांना बोलायचे आहे. ते बोलतात, पण ते ऐकले जाते मुंबईच्या वाहिनीवर, तेही मोर्चा निघाला किंवा लाठीमार झाला तर.

यावरचा सर्वांत ठाम आक्षेप फोनचा आहे. गावोगावचे व्हॉट्सअॅप गट, यूट्यूबवरच्या स्थानिक वाहिन्या असताना रेडिओ कशाला? या साधनांनी खूप काम केले आहे, हे मान्य. पण वादळात पहिल्यांदा वीज जाते, मग मनोरे बंद पडतात, आणि फोनचा उपयोग नेमका गरजेच्या वेळी संपतो. एफएमचा एक ट्रान्समीटर जनित्रावर चालतो आणि सेलवरच्या स्वस्त संचावर ऐकू येतो. फोनमधली एफएमची सोय काढून टाकू नका, अशी सूचना केंद्र सरकारने २०२३ मध्ये फोन बनवणाऱ्यांना केली, ती याच कारणाने. दुसरे असे, की गटावरचा निरोप कोणाचा, याचा पत्ता नसतो. ‘गॅस सुटला आहे, बोईसर सोडा’ असा निरोप रात्री अकरा वाजता आला तर तो खरा की खोटा, हे ठरवायला जबाबदार आवाज लागतो. भाषेचाही मुद्दा आहे. या पट्ट्यात वाडवळी, मांगेली, वारली बोलणारी घरे आहेत, डहाणूकडे गुजराती आहे, बोईसरच्या चाळींत उत्तरेकडचे कामगार आहेत. गट आपापल्या माणसांचे असतात. एकाच वेळी या सगळ्यांशी बोलणारे साधन त्यांच्यात नाही.

फोनपेक्षा मला गंभीर वाटतो तो दुसरा आक्षेप. अशा केंद्राचे सर्वांत मोठे जाहिरातदार असतील वसाहतीतले कारखाने आणि उद्या बंदराचे ठेकेदार. त्यांच्या पैशावर चालणारे केंद्र नवापूरच्या खाडीतल्या मेलेल्या मासळीबद्दल बोलेल का? हा धोका खरा आहे आणि त्यावर भाबडे उत्तर देण्यात अर्थ नाही. कॅनडाही इथे आदर्श नाही. तिथली गावोगावची केंद्रे हळूहळू मोठ्या कंपन्यांच्या हाती गेली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये बेल या कंपनीने आपल्या १०३ केंद्रांपैकी ४५ विकायला काढली, त्याच वेळी ४,८०० नोकऱ्याही कापल्या. पण ती विकली गेली तेव्हा पुढे आलेल्या घेणाऱ्यांत बहुतेक लहान, प्रादेशिक प्रसारक होते, हेही ध्यानात घ्यायला हवे. जे मोठ्या कंपनीला नकोसे झाले, त्यात जवळच्याला अजून धंदा दिसत होता. मिंधेपणावर उपाय अटीत आहे. एका जाहिरातदाराकडून उत्पन्नाचा किती वाटा घेता येईल याची मर्यादा परवान्यातच घालता येते; ज्या उद्योगाचा या भागात प्रकल्प आहे त्याला केंद्राची मालकी नाकारता येते. शेवटी पाचशे लहान जाहिरातदार हेच केंद्राच्या स्वातंत्र्याचे खरे भांडवल असते. क्लास, दवाखाना, सराफ, बर्फाचा कारखाना, खताचे दुकान, लग्नाचा हॉल यांच्यापैकी एक रुसला तरी केंद्र बंद पडत नाही. ही गिऱ्हाइके मिळण्यासाठी जाहिरातीचा दर गावाच्या ऐपतीचा हवा, आणि तसा दर ठेवायचा तर लिलावाची रक्कम त्याच्या बोकांडी बसता कामा नये.

मग सामुदायिक रेडिओ का नको, असे विचारले जाईल. म्हसवडला माणदेशी फाउंडेशनचे ‘माणदेशी तरंग’ २००८ पासून दुष्काळी मुलखात उत्तम काम करते आहे. चिंचणीतही पी. एल. श्रॉफ महाविद्यालयासारखी संस्था आहे आणि शिक्षणसंस्थेला असा परवाना मिळू शकतो. तो मागितला जावा, असे मला मनापासून वाटते. त्याच्या मर्यादा मात्र लपवून चालणार नाहीत. शंभर वॅटची ताकद, तीस मीटरचा मनोरा, दहा-पंधरा किलोमीटरचा टप्पा. चिंचणी-बोईसरला तो पुरेल. सातपाटीला किंवा धुंदलवाडीला नाही. जाहिरातींची वेळ २०२४ मध्ये तासाला सात मिनिटांवरून बारा मिनिटांवर नेली, सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४ केला, ही चांगली पावले. तरीही अशी बहुतेक केंद्रे देणगी आणि सरकारी मोहिमांवर तगून असतात, आणि बातम्यांची बंदी त्यांनाही आहे. जी संस्था केंद्र चालवते तिचे अनुदान ज्या कार्यालयातून येते, त्या कार्यालयाविरुद्ध बोलण्याची अडचण तिथेही असतेच. लोकवर्गणीचे केंद्र आणि दुकानदारांच्या जाहिरातीवरचे केंद्र ही एकमेकांची पर्यायी रूपे नव्हेत. एकाचे मिंधेपण जिथे आड येते तिथे दुसरे बोलू शकते, म्हणून दोन्ही हवीत.

वाढवणची यंत्रे कामाला लागली आहेत आणि पुढची काही वर्षे या किनाऱ्यावर रोज काही ना काही बदलणार आहे: कुठे भराव, कोणता रस्ता बंद, कोणत्या भागात मासेमारीला मनाई, कोणाला किती भरपाई, कोणत्या कामावर किती स्थानिक मुले. हे सगळे आज जाहीर नोटिशीत छापले जाते आणि तालुक्याच्या कचेरीत चिकटवले जाते. म्हणून पुढच्या लिलावाच्या यादीत शहराऐवजी पट्टा मोजावा आणि पालघर-डहाणू किनाऱ्यासाठी निदान एक परवाना ठेवावा. त्याची प्रवेश रक्कम नाममात्र असावी, सरकारचा वाटा उत्पन्नाच्या चार टक्क्यांतूनच यावा. एक तृतीयांश वेळ इथल्याच बोलण्याला द्यावा, ट्रायने सुचवलेली तासाला दहा मिनिटे बातम्यांना मोकळी करावीत, आणि स्टुडिओ मुंबईत नसावा, याच दोन तालुक्यांत असावा. पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीनंतर १ ऑगस्टला होड्या पुन्हा समुद्रात जातात. बंदराच्या कामामुळे त्या सकाळी नेहमीची वाट खुली आहे की नाही, हे सातपाटीच्या तांडेलाला आदल्या रात्री रेडिओवर कळावे, इतकी ही मागणी ठोस आहे.